भागीरथी कोम काशीराम

तिचं नाव हौसा. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण कोंडशेतात जाऊन कुणाला हौसाचं घर विचारलंत तर लोक तुम्हालाच वेड्यात काढतील. गावात ती दमयंतीकाकी. रेशनकार्डावर दमयंती, मतदारयादीत दमयंती, आधारकार्डावर दमयंती. खरी दमयंती पावसची. बाळा रेवाळेची पहिली बायको. ती काविळीनं गेली त्याला आता त्रेचाळीस वर्षं झाली. मागे दोन महिन्यांचा राकेश. पोर सांभाळायला बाई हवी म्हणून बाळानं सहा महिन्यांत अलोऱ्याहून हौसाला करून आणली. सासूच्या तोंडात दमयंती हेच नाव बसलं होतं, ते काही सुटेना. आणि रेशनकार्डावर तिसऱ्या ओळीत दमयंती होतीच. ते नाव कमी करायला देवरुखला एक खेप, नवं चढवायला दुसरी खेप, वर साहेब जागेवर नसला तर तिसरी. सासरा म्हणाला, "नाव हाय, बायपन हाय. आनी काय पायजे?" झालं, हौसा त्या ओळीत जाऊन बसली.

कार्डावरची दमयंती हौसापेक्षा दोन वर्षांनी मोठी होती. त्यामुळे कागदोपत्री हौसा दोन वर्षं आधीच म्हातारी झाली आणि म्हातारपणाचे पैसेही दोन वर्षं आधी सुरू झाले. एवढाच काय तो फायदा.

गळ्यात काळ्या दोऱ्यात तिनं एक चांदीचा टाक घातलेला असे, अंगठ्याच्या नखाएवढा. त्याच्यावर बाईची आकृती, ती म्हणजे मेलेली सवत. दुसरेपणाच्या बाईनं तो घालायचा, नवं लुगडं आलं की आधी त्या टाकाला दाखवायचं आणि मग आपण नेसायचं, अशी रीत. हौसानं ती त्रेचाळीस वर्षं पाळली. बाळा अकरा वर्षांपूर्वी वारला, मंगळसूत्र उतरलं, टाक तेवढा राहिला. नवऱ्याशी नातं संपतं, सवतीशी नाही, असं ती एकदा शेजारणीला म्हणाली होती आणि दोघी पोट धरून हसल्या होत्या.

तर गेल्या वर्षी गणपतीत मुंबईचे चाकरमानी आले आणि रेवाळ्यांची मोठी बैठक बसली. पंचावन्न घरांचं कूळ. त्यांनी मंडळ काढलं होतं आणि मंडळ आता कुळाचं पुस्तक छापणार होतं. चिटणीस गुरुप्रसाद, हौसाचा चुलतपुतण्या, ठाण्याला बँकेत. हुशार, गोड बोलणारा, आणि कुठलंही काम तक्त्यात घातल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. त्यानं वंशावळ मोठ्यानं वाचली. मूळपुरुष काशीराम. त्याचे तीन मुलगे. त्यांचे अकरा. पुरुषांची नावं धो धो वाहत होती. मूळपुरुषाच्या बायकोपाशी गाडी अडली. "पत्नी भागीरथी. माहेर..." गुरुप्रसाद थांबला. "माहेरची जागा रिकामी आहे. गावातल्या कुणी शोधलं तर बरं होईल."

पुरुष छताकडे बघायला लागले. शेवटी पडवीच्या कोपऱ्यातून हौसा म्हणाली, "मी शोधतंय."

सगळे हसले, पण कुणी नको म्हणालं नाही. फुकट मिळालेल्या कामवालीला कोण नको म्हणतं?

हौसा सातवी पास होती. अलोऱ्याला कोयनेच्या कामावर तिचा बाप मजूर, कॉलनीतल्या शाळेत ती शिकली. लिहितावाचता येणारी, रिकामपण असलेली आणि कुणाला विचारायची लाज न वाटणारी अशी दुसरी बाई त्या कुळात नव्हती. पण तिनं हे अंगावर घेतलं ते काही शिक्षणाच्या जोरावर नव्हे. पंचावन्न घरं ज्या बाईच्या पोटातून आली तिच्या नावापुढे रेघ मारलेली असावी, हे तिला सहन होईना. आपलं काय झालं ते झालं, निदान तिचं तरी धड लिहिलं जावं. मनातलं हे तिनं कुणाला बोलून दाखवलं नाही. पण तेवढं एक काम हातून झालं तर आपण या घरात येऊन काही केलं असं होईल, असं तिला अगदी आतून वाटत होतं.

पहिल्यांदा ती आप्पांकडे गेली. आप्पा तिचे चुलतसासरे, वय एक्क्याण्णव, कान गेलेले पण डोकं शाबूत. हौसानं त्यांच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं.

"भागीरथी म्हातारी?" आप्पा म्हणाले. "म्यां न्हाय बगलली. माज्या बापसाची आजी ती. पन तिचं म्हायेर कासारकोंड. मी सात-आट वर्षांचा आसंन, तवापरेन गौरीला थितनं नारळ आनि खन येत आसं. मंग त्ये येनारं मानूस मेलं आनि नारळ बंद झाला."

ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांपूर्वीचा नारळ, पण हौसाला तेवढा पुरला. दुसऱ्या दिवशी ती संगमेश्वरला गेली, तिथून टमटमनं नदीपलीकडे आणि पुढे चढणीची वाट चालत कासारकोंडला. चार घरं फिरल्यावर पाचव्या घरात शिवा नावाचा म्हातारा भेटला. त्याची सून योगिनी भात उकडत होती. हौसानं कोंडशेतचं नाव काढलं मात्र, म्हातारा ताडकन उठून बसला.

"आमची येसू! माज्या आज्याची आत्या. ती कोंडशेतला रेवाळ्यांत दिलली. थितं तिचं नाव भागीरथी ठेवलं. तीन झील झालं तिला. दर सालाला आंब्याच्या दिसांत पोरांना घिऊन हितं ऱ्हायला येत आसं. माज्या आज्यानं बगलली ना तिला!"

हौसाच्या डोळ्यांत पाणी आलं. ती काही मुळूमुळू रडणारी बाई नव्हे, पण आलं. माहेरचं नाव, गाव, घर, तिघांचा मेळ बसला. योगिनीनं तिला पाटावर बसवून तिची ओटी भरली. तांदूळ, नारळ, हिरवा खण. "आमची लेक आली म्हनायची," योगिनी म्हणाली. हौसा विधवा होती, आणि विधवेची ओटी कुणी भरत नाही. पण ती ओटी तिची नव्हतीच, येसूची होती, म्हणून तिनं पदर पसरला.

त्या संध्याकाळी मंडळाच्या ग्रुपवर नुसता पाऊस पडला. अंगठे, फुलं, नमस्काराचे हात. गुरुप्रसादनं तक्त्यात लिहिलं: भागीरथी (माहेरचे नाव येसू), कासारकोंड. विरारहून राकेशचा फोन आला. "आई, तू तर कमालच केलीस! आरोही शाळेत सांगत फिरते, माझी आजी इतिहास शोधते म्हणून." आरोही म्हणजे राकेशची मुलगी. हौसा त्या रात्री जेवली की नाही हेही तिला आठवत नव्हतं, इतकी ती खुशीत होती.

इथंच थांबली असती तर सुखी झाली असती. पण माणसाला सुख झेपत नाही. गुरुप्रसाद म्हणाला, काकी, जन्म-मृत्यूच्या तारखा मिळाल्या तर पुस्तकाला वजन येईल. म्हणून ती देवरुखला दीपकरावांकडे गेली. दीपकराव म्हणजे मोडी वाचणारा माणूस. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. अलीकडे जातीच्या नोंदी शोधणाऱ्यांची त्यांच्या दारी रांग लागे. नाहीतर त्याआधी मोडी वाचणाऱ्याला कुणी चहा विचारत नव्हतं. कोंडशेतच्या जुन्या कोतवाल बुकाच्या, म्हणजे जन्ममृत्यूच्या वहीच्या, नकला त्यांनी मिळवल्या होत्या. चष्मा कपाळावर सारून, कागद नाकाशी धरून त्यांनी वाचलं.

"भागीरथी कोम काशीराम रेवाळे. कोम म्हणजे बायको. वय एकोणीस. पटकीनं मयत. सन अठराशे सत्त्याहत्तर."

"एकोणीस?" हौसा म्हणाली. "तिचा थोरला झील तर ऐंशी साली झाला. तुमीच मगाशी वाचलात."

दीपकरावांनी पुन्हा बघितलं. पुढची पानं उलटली. बराच वेळ गेला. मग एका पानावर त्यांचं बोट थांबलं. "हे बघा. भागीरथी कोम काशीराम रेवाळे. वय पन्नास. तापानं मयत. सन एकोणीसशे अकरा." त्यांनी चष्मा खाली घेतला. "एक बाई दोनदा कशी मरेल? कोतवालाची चूक दिसते, बाई. त्या लोकांचं काय, कुठं बसून लिहायचे कुणास ठाऊक. पहिली नोंद सोडून द्या."

हौसाचा हात गळ्यातल्या टाकाकडे गेला. दीपकराव शिकलेले, मोडी जाणणारे, चाळीस वर्षं कागदांत काढलेले, पण हे त्यांना कळणं शक्य नव्हतं. हे कळायला दुसरेपणावर जावं लागतं.

"चूक नाय ती," ती म्हणाली. "बायका दोन हायत. पयली पोर न होता मेली. काशीरामानं दुसरी केली. घरात नाव तयार व्हतं, तेच तिला लावलं."

"पण मग कासारकोंडची कुठली?"

"पयली."

"मग तुम्ही सांगितलंत ती, तीन मुलगे घेऊन तिथं राहायला जायची ती?"

"ती दुसरी."

दीपकरावांना काही उमजेना. हौसानं समजावून सांगितलं नाही, कारण सांगायला गेली असती तर तिला स्वतःचंच सगळं सांगावं लागलं असतं. लग्नानंतर पहिल्याच मे महिन्यात तिला पावसला नेलं होतं. दमयंतीच्या आईनं दारातच तिला मिठी मारली आणि "माझी दमी परत आली गो" म्हणून गळा काढला. मेलेल्या लेकीच्या जागी आलेली ती लेक, तिचं माहेरपण करायचं, ही रीत. पावसची माणसं सोन्यासारखी. दर वर्षी साडी, आंबे, राकेशला कपडे. हौसा महिनाभर तिथं राहायची. अलोऱ्याला मात्र ती लग्नानंतर दोनदाच गेली. बाप निवृत्त झाला तशी कॉलनीतली खोली सोडावी लागली. भाऊ इचलकरंजीला मागावर गेला आणि तिथंच वारला. आता अलोऱ्याला जाऊन कुठल्या दारात उभं राहायचं हे तिलाही सांगता आलं नसतं. सव्वाशे वर्षांपूर्वी त्या दुसऱ्या बाईचं असंच झालं असणार. नारळ येत होता, आंब्याचे दिवस होत होते, पण सगळं येसूच्या नावाचं. खरं माहेर कधी पुसलं गेलं ते कुणाला कळलंसुद्धा नाही.

म्हणजे हौसानं एवढी पायपीट करून शोधून काढली ती बाई रेवाळ्यांची कुणीच नव्हती. एकोणिसाव्या वर्षी पटकीनं मेलेली परकी पोर. पंचावन्न घरांची आई अजून रेघेच्याच मागे होती.

त्यानंतरचे चार महिने हौसानं नुसती वणवण केली. लग्नाची नोंद तेव्हा कुणी ठेवत नव्हतं. देवळातल्या गुरवाला विचारलं, तो म्हणाला, आमच्याकडे देवाचं आहे, बायकांचं नाही. आजूबाजूच्या अकरा गावांत जाऊन ती विचारून आली की तुमच्याकडची मुलगी कोंडशेतला रेवाळ्यांत दुसरेपणावर दिली होती का. लोक विचारायचे, नाव काय? नाव माहीत नाही. कधी? दीडशे वर्षं होत आली. लोक हसायचे, पाणी द्यायचे आणि वाटेला लावायचे. त्यांची तरी काय चूक? ज्या बाईचं नाव नाही, गाव नाही, तिला शोधणार कसं?

आप्पांकडे ती पुन्हा गेली. आप्पांनी बराच वेळ डोकं खाजवलं. "माजा बापूस येक सांगत आसं," ते म्हणाले. "म्हातारी भाकरी परातीत थापीत नसं. हातावर करी. घरातल्या बायका हासत तिला. ती म्हने, आमच्याकडं आशीच करतात."

"आमच्याकडं म्हंजी कुटं, आप्पा?"

"ता नाय म्हायत. बायकांचं म्हायेर कोन इचारतंय गो?"

हातावरची भाकरी. जिल्ह्यात निम्म्या गावांत करतात. खाडीकडे करतात, घाटावरही करतात. दीडशे वर्षांतून गाळून त्या बाईचं एवढंच उरलं होतं आणि तेही कामाचं नव्हतं. त्या दिवशी घरी येऊन हौसानं स्वतःच्या तळव्यांवर एक भाकरी करून बघितली. मोडली. तिनं ती तशीच तव्यावर टाकली आणि कालवणाबरोबर खाल्ली.

माघ संपता संपता गुरुप्रसादचा फोन आला. पुस्तक छापायला द्यायचं होतं, शिमग्याला सगळे गावी येतील तेव्हा वाटायचं ठरलं होतं. हौसानं त्याला दोन भागीरथींचं सगळं सांगितलं. तो समजूतदार. नीट ऐकून घेतलं.

"काकी, पण दुसरीचं काहीच नाही ना आपल्याकडे. मग आहे तेच राहू दे. कासारकोंड."

"नको रे बाबा," हौसा म्हणाली. "ती आपली आयस नाय. आपली आयस कोन ता म्हायत नसंल तर रिकामं ठेव. पन तिच्या जागी दुसरी बसवू नको. जित्तेपनी बसवलीच होती, आता पुस्तकात तरी नको."

गुरुप्रसादनं तक्ता उघडला. मग म्हणाला, "तुमचं बरोबर आहे. मग असं लिहू. पहिली पत्नी भागीरथी, माहेर कासारकोंड, संतती नाही. दुसरी पत्नी, मूळ नाव अज्ञात, माहेर अज्ञात, मुलगे तीन."

"आसंच लिही!" हौसा म्हणाली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच तिला मोकळा श्वास आला. नाव नाही तर नाही, पण एक बाई होती एवढं तरी लिहिलं जाईल.

"लिहितो. फक्त काकी, नियम मग सगळ्यांना एकच लावावा लागेल. नाहीतर लोक भांडतील." तो तक्ता बघून बोलत होता, कळांचा आवाज येत होता. "आपल्या कुळात दोन बायका झालेले सात जण आहेत. सगळ्यांच्या दोन-दोन ओळी कराव्या लागतील आणि मुलं ज्या त्या आईखाली घ्यावी लागतील. बाळाकाकांचंच बघा, तुमचं माहेरचं नाव आईनं मला सांगितलंय. आत्ता माझ्याकडे एकच ओळ आहे. पत्नी दमयंती, माहेर पावस, मुलगा राकेश. ती मग अशी होईल." आणि तो वाचायला लागला, बँकेतला माणूस जसा वाचतो तसा, कुणाचं मन दुखवायचा हेतू त्याच्या गावीही नव्हता. "एक, दमयंती, पावस. मुलगा राकेश. राकेशची पत्नी रसिका. मुलगी आरोही. दोन, हौसा, अलोरे." कळ वाजली. "संतती नाही."

हौसानं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"बरोबर ना काकी?"

बरोबरच होतं. एक अक्षरसुद्धा खोटं नव्हतं. आठ महिन्यांचं पोर तिनं छातीशी धरलं होतं, त्याला गोवर आला तेव्हा सात रात्री बसून काढल्या होत्या, आणि आईचं दुसरं तोंड त्या पोराला ठाऊक नव्हतं. स्वतःचं मूल तिला झालं नाही. होईल म्हणून दहा वर्षं वाट पाहिली, मग तेही सोडून दिलं. दमयंतीच्या ओळीत ती लपून बसली होती तोवर राकेश तिचा होता, आरोही तिची होती. स्वतःच्या नावानं बाहेर आली की तिच्यापुढे काहीच उरत नव्हतं.

"राकेशला विचारू का एकदा?" गुरुप्रसाद म्हणाला.

"नको, नको!" ती घाईनं म्हणाली. "त्याला काय इचारायचं नाय. माजं हाय तसं राऊ दे. दमयंती. पावस. येकच वळ."

"हौसा नको?"

"नको."

"मग बाकी सहा जणांचंही तसंच ठेवायला लागेल, काकी. आणि वरचं काशीरामाचंही. एकाला एक, दुसऱ्याला एक असं नाही करता येणार."

मागच्या परड्यात कोंबड्या कालवा करत होत्या. हौसाला त्या अकरा गावांची अकरा दारं आठवली, आणि जिला आपण शब्द दिल्यासारखं शोधत होतो ती बाई. तिला आता आपणच ढकलून देतोय हे तिला लख्ख कळत होतं. तिनं माफीही मागितली नाही. कुणाची मागणार?

"त्येपन राऊ दे," ती म्हणाली. "भागीरथी. कासारकोंड."

"तीन मुलगे तिच्याखाली?"

"तिच्याचखाली."

शिमग्याला गावच्या चौथऱ्यावर, सहाणेवर, पालखी बसली, माणसांनी आवार भरलं आणि दुपारी पुस्तकं वाटली गेली. चांगला जाड कागद, वर कुलदैवताचा रंगीत फोटो. नमनाचं भाषण झाल्यावर गुरुप्रसादनं माइक हातात घेतला. मूळपुरुषाच्या पत्नीचं माहेर शोधून काढणाऱ्या आपल्या काकींचा सत्कार करायचा आहे, असं तो म्हणाला, आणि पुस्तकातून बघून त्यानं नाव पुकारलं, दमयंती बाळा रेवाळे, माहेर पावस. राकेश आणि आरोही पुढच्या रांगेत बसून जोरजोरात टाळ्या वाजवत होते. हौसा उठली, पदर डोक्यावरून घेतला आणि शाल-नारळ घ्यायला पुढे गेली.